धान्य गावात, माणूस भट्टीवर

मे महिना लागला की आपल्या घरी आगोट भरायची घाई सुरू होते. तांदूळ डब्यांत जातो, मसाला कुटून होतो, सुकी मासळी कडक उन्हात घालून बंद केली जाते, लाकूडफाटा पडवीत येतो. चार महिने पाऊस कोसळला तरी चूल विझणार नाही एवढी तरतूद झाली की घरची बाई निश्चिंत होते.

याच दिवसांत शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या वाड्या-पाड्यांकडे टेम्पो परतू लागतात. त्यांत माणसे असतात, हंडे-पातेली, ताडपत्री, कोंबड्या, कधी एखादी शेळी असते. दिवाळीनंतर भिवंडी, कल्याण, पडघा, पनवेलकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली ही कुटुंबे सहा-सात महिन्यांनी आपल्या झोपडीचे दार उघडतात. यांत कातकरी सर्वांत जास्त, बरोबर ठाकूर आणि इतरही. त्यांची आगोट कोण भरतो, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

नामी आणि रूथ

पवित्र शास्त्रातील रूथचे पुस्तक आपण बहुधा लग्नाच्या प्रवचनात ऐकतो. सासू-सुनेच्या प्रेमाची कथा म्हणून ते आपल्या लक्षात राहते. पण ते उघडून पाहिले तर पहिल्याच ओळीत दुष्काळ आहे. बेथलेहेमातले एक कुटुंब पोटासाठी मवाब देशात जाते. तिथे घरधनी जातो, दोन्ही मुलगे जातात. दहा एक वर्षांनी नामी विधवा सुनेला घेऊन परत येते, ती सातूच्या कापणीच्या सुरुवातीला. आजच्या सरकारी भाषेत सांगायचे तर एक विस्थापित आणि परतलेले कुटुंब, त्यातली एक परप्रांतीय.

गावात आल्यावर त्यांच्या पोटाची सोय कशी झाली? कोणी पिशवी आणून दिली नाही. त्या काळच्या नियमशास्त्रात शेताचे कोपरे कापायचे नाहीत, गळलेली कणसे उचलायची नाहीत, शेतात विसरलेली पेंढी आणायला माघारी जायचे नाही, असे सांगितले होते (लेवीय १९, अनुवाद २४). तो सरवा गरिबाचा, विधवेचा आणि परक्याचा. बवाज भला माणूस होता हे खरे, पण रूथ त्याच्या शेतात भीक मागायला गेली नव्हती. सरवा वेचणे हा तिचा हक्क होता.

या नियमात एक अडचण मात्र होती. सरवा मिळवायचा तर कापणीच्या दिवशी शेतात हजर असावे लागे. नामी महिनाभर उशिरा आली असती तर? ही अडचण तीन हजार वर्षांनीही तशीच आहे. आपल्या देशात गरिबाच्या वाट्याचे धान्य कायद्याने ठरवून दिले आहे. ते गावच्या दुकानात येते. ज्याचे ते आहे तो मात्र तेव्हा भट्टीवर असतो.

भट्टीचे वर्ष

ज्यांनी वीटभट्टीचा व्यवहार जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पावसाळ्यात, बहुधा श्रावणात किंवा गणपतीच्या सुमारास, घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम किंवा शेठ उचल देतो. ही उचल नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते. दिवाळीनंतर जोडीने भट्टीवर जायचे, माती कालवायची, विटा थापायच्या. आठवड्याला बाजाराच्या दिवशी खर्ची मिळते, तिच्यातून तांदूळ, तेल, मीठ-मिरची घ्यायची. हंगाम संपला की हिशेब. थापलेल्या विटांच्या मजुरीतून उचल आणि सगळ्या आठवड्यांची खर्ची वजा होते. हाती काही उरले तर तीच आगोट. उरले नाही, किंवा उलट अंगावरच निघाले, तर पुढच्या दिवाळीला त्याच भट्टीवर जाण्यावाचून सुटका नाही. वेठबिगार बंद करणारा कायदा १९७६ साली झाला, पण पोटाची खळगी तो कायदा वाचत नाही.

आता हिशेब करून पाहू. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्यानुसार प्राधान्य गटातील कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते. अंत्योदय कार्डावर माणसे कितीही असोत, कुटुंबाला ३५ किलो. पूर्वी तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलोने होता. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट झाले आणि जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षांसाठी ती सवलत वाढवली गेली.

पाच माणसांचे कुटुंब नोव्हेंबर ते मे असे सात महिने बाहेर राहिले. प्राधान्य कार्ड असेल तर १७५ किलो, अंत्योदय असेल तर २४५ किलो धान्य त्याच्या नावावर येऊन गेले. या काळात भट्टीशेजारच्या किराणा दुकानातून ४० रुपये किलोने तांदूळ घेतला असे धरले, तर हेच धान्य ७,००० ते ९,८०० रुपयांचे होते. ही सगळी रक्कम खर्चीत लागली आणि हिशेबात वजा झाली. म्हणजे ज्या धान्याला एक पैसा पडायला नको होता, त्यासाठी कुटुंबाने हजारो विटा थापल्या. उचल का फिटत नाही याची कारणे पुष्कळ आहेत, पण हे एक कारण आपल्या आवाक्यातले आहे, म्हणून त्यावर आम्ही एवढा जोर देतो आहोत.

कातकरी कुटुंबांबाबत आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून नोंदल्या आहेत, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००३ रोजी अन्नाच्या हक्काच्या खटल्यात जो आदेश दिला, त्यात अशा आदिम जमातींना अंत्योदय कार्ड द्यावे असे सांगितले होते. तरीही साधे कार्ड असलेली, किंवा कार्डच नसलेली कातकरी घरे आजही भेटतात. बहुतेक वेळा ती नव्याने लग्न झालेली जोडपी असतात. मुलाचे नाव बापाच्या कार्डावर, सुनेचे नाव तिच्या माहेरच्या कार्डावर, आणि पोरांची नावे कुठेच नाहीत.

परतल्यावरचे तीन महिने

जून ते ऑगस्ट हे वाडीवरचे खरे कठीण महिने. पहिल्या पावसाबरोबर शेवळं निघतात, मग टाकळा, कुर्डू, भारंगी येते, ओढ्याला खेकडे मिळतात. आपण शहरात ही रानभाजी हौसेने विकत घेतो. वाडीवर मात्र ती भातावरचे तोंडी लावणे नसून काही दिवस जेवणच असते. आवणीची मजुरी मिळाली तर चार-आठ दिवस निघतात. स्वतःची नाचणी-वरी किंवा भात हाती यायला दसरा-दिवाळी उजाडते.

सरकारला हे ठाऊक नव्हते असे नाही. आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यात उपासमारीची वेळ येऊ नये व सावकाराकडे जावे लागू नये म्हणून १९७८ पासून खावटी कर्ज योजना होती. मधली काही वर्षे ती बंद पडली. टाळेबंदीनंतर २०२० साली ती खावटी अनुदान म्हणून परत आली. कुटुंबाला ४,००० रुपयांची मदत, त्यातले २,००० खात्यात आणि २,००० रुपयांचा माल. मालात कडधान्ये, डाळी, तेल, साखर, मीठ, मिरची अशा वस्तू होत्या. योजना चांगली होती. पण निर्णय २०२० च्या पावसाळ्यात झाला आणि अनेक वाड्यांवर माल पोहोचेपर्यंत २०२१ साल उजाडले. आगोट दिवाळीत भरली तर तिला आगोट म्हणत नाहीत.

डाळी-तेलाचा मुद्दा मात्र त्या योजनेने बरोबर ओळखला होता. संकटातील माणसाला दिवसाला सरासरी २,१०० कॅलरी मिळाव्यात असे जगभरच्या मदतसंस्था धरून चालतात. महिना ५ किलो तांदूळ म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम, त्याच्या साधारण ५८० कॅलरी होतात. गरजेच्या चौथ्या भागाहून किंचित जास्त. राहिलेले तीन हिस्से माणसाने स्वतः मिळवायचे. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाला २०२० सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या कामात निर्वासित आपल्या गावी परत जातात तेव्हाही धान्य, डाळ आणि तेल देण्याची पद्धत आहे, कारण घरी पोहोचला म्हणून माणसाची भूक त्या दिवशी थांबत नाही. शेत पिकेपर्यंत वेळ जातो. हा विचार युद्धातून परतलेल्यांसाठी होतो. भट्टीवरून परतलेल्यांसाठी व्हायला काय हरकत आहे?

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. शहापूर तालुक्यातल्या तानसा, मोडकसागर आणि भातसा या जलाशयांवर मुंबईची तहान भागते. तानसा तर १८९२ पासून. या धरणांखाली माणसांच्या जमिनी गेल्या, आणि धरणाच्या काठच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ज्यांची भाताची खाचरे पाण्याखाली गेली, त्यांची नातवंडे भट्टीवर जातात तेव्हा आपण त्यांना ‘स्थलांतरित’ म्हणतो. मूळचे ते विस्थापितच.

२०२० साली आम्ही काय चुकलो

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी सुरू झाली. त्यानंतरचे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी मुंबई-आग्रा महामार्गावर पाहिले आहे. पडघा, आसनगाव, शहापूर, मग कसारा घाट आणि पुढे नाशिक, अशी माणसांची रांग भर उन्हात चालत होती. आपल्या धर्मग्रामातील काही जणांनी पिशव्या भरून नेल्या. पाच किलो पीठ, तांदूळ, डाळ. एका बाईने पिशवी हातात घेतली, उघडून पाहिली आणि परत दिली. “दादा, हे शिजवू कुठं?” तिच्याजवळ चूल नव्हती, भांडे नव्हते, आणि पाठीवर मूल होते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही भाकरी, उकडलेली अंडी, केळी आणि पाणी नेऊ लागलो. शेजारच्या एका ढाबेवाल्याला ही गोष्ट पहिल्याच दिवशी कळली होती. त्याला कोणी शिकवले नव्हते.

दुसरी चूक त्याहून मोठी होती, पण तिचा त्रास आम्हाला झाला नाही म्हणून ती उशिरा कळली. महामार्गावरची गर्दी सर्वांना दिसली. भट्टीवरची कातकरी कुटुंबे दिसली नाहीत. ती रस्त्याने गेलीच नाहीत, रानातल्या पायवाटांनी आपापल्या वाडीवर गेली, किंवा भट्टीवरच अडकून पडली. २० एप्रिलनंतर ग्रामीण भागातील भट्ट्यांना परवानगी मिळाली, पण मधल्या काळात काम बंद, म्हणून अनेकांची खर्चीही बंद. आम्ही त्यांच्यापर्यंत मे महिन्यात पोहोचलो. तेही गव्हाचे पीठ घेऊन, जे या घरांत फारसे खाल्ले जात नाही.

त्या वेळी सरकारने एप्रिलपासून कार्डधारकांना माणशी ५ किलो जादा धान्य फुकट दिले. कार्ड नसलेल्या स्थलांतरितांसाठी मे महिन्यात दोन महिन्यांचे धान्य जाहीर झाले. असे ८ कोटी लोक असतील असा अंदाज होता, प्रत्यक्षात धान्य मिळालेले त्याहून पुष्कळ कमी निघाले. माणसे होती, धान्यही होते. पण कोण कुठे आहे याची नोंद कोणाकडे नव्हती. पुढे २९ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणात निकाल देताना ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना सर्व राज्यांनी ३१ जुलैपर्यंत लागू करावी, असा आदेश दिला. महाराष्ट्रात त्याआधीच, ऑगस्ट २०१९ मध्ये, गुजरातबरोबर ही योजना सुरू झाली होती.

कार्ड गावचे, दुकान इथले

या योजनेचा अर्थ साधा आहे. ज्याचे कार्ड मुरबाडच्या वाडीवरचे आहे, तो भिवंडीच्या किंवा पनवेलच्या कोणत्याही रेशन दुकानातून आपले धान्य उचलू शकतो. कार्डाचा १२ अंकी क्रमांक किंवा आधार क्रमांक सांगायचा आणि ई-पॉस मशीनवर अंगठा द्यायचा. म्हातारी आई गावी असेल तर काही धान्य इथे आणि उरलेले तिकडे, असेही घेता येते. भट्टीवरच्या माणसाला हे कोणी सांगितलेले नसते. तो म्हणतो, कार्ड गावचे आहे. दुकानदारही बहुधा हेच म्हणतो.

आम्ही एका कुटुंबाबरोबर अशा दुकानात गेलो होतो. पहिल्या खेपेला साठा संपला म्हणून सांगितले. दुसऱ्या खेपेला मशीनने अंगठा घेतला नाही. रेती आणि राख हाताळून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. हात धुऊन, तेल लावून, पुसून पाहिले. शेवटी बायकोच्या मधल्या बोटाने काम केले आणि मशीनमधून पावती आली. २५ किलो. नवऱ्याने पावती घडी करून खिशात ठेवली आणि विचारले, “आता गावचं कार्ड बंद तर नाही ना होणार?” ही भीती खरी आहे आणि तिच्यामुळे पुष्कळ लोक दुकानाची पायरी चढत नाहीत. उत्तर असे, की दुसरीकडे धान्य घेतल्याने कार्ड बंद होत नाही. उलट न घेतल्याने होऊ शकते.

हे नीट समजून घेतले पाहिजे. २०२५ साली केंद्राने रेशनच्या नियंत्रण आदेशात दुरुस्ती केली. सहा महिने ज्या कार्डावर धान्य उचलले गेले नाही, ते कार्ड तात्पुरते थांबवायचे आणि तीन महिन्यांत घरी जाऊन पडताळणी करायची, असा तिचा आशय आहे. बोगस कार्डे शोधण्यासाठी हे केले असेल. पण नोव्हेंबर ते मे म्हणजे सात महिने होतात! जो माणूस खराखुरा गरीब आहे आणि पोटासाठी बाहेर गेला आहे, तोच या चाळणीतून खाली पडायचा. शिवाय कार्डावरच्या माणसांची ई-केवायसी लागते. लहान मुलांचे आधार नसले तर त्यांचा वाटा अडकतो. जून महिन्यात, घरात काही नसताना, तहसीलच्या पुरवठा शाखेत खेपा घालणे म्हणजे रोजची मजुरी बुडवणे.

अंगठा न लागल्यास डोळ्याच्या बाहुलीवरून किंवा मोबाईलवर येणाऱ्या क्रमांकावरून ओळख पटवता येते. निव्वळ आधार नाही म्हणून कोणाला धान्य नाकारू नये, असे केंद्राने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले आहे. धान्य मिळालेच नाही तर अन्नसुरक्षा भत्त्याची तरतूद कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे, आणि जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी आहे. १९६७ या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवता येते. फोनवर बोलताना कार्डाचा क्रमांक, दुकानाचा क्रमांक आणि तारीख जवळ ठेवावी, नाहीतर तक्रार पुढे सरकत नाही.

गरोदर बायका आणि लहान मुलांचा वाटा वेगळा आहे. अनुसूचित क्षेत्रातील अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण मिळते, मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. ही योजना २०१५ साली सुरू झाली. पण बाई भट्टीवर गेली की हे जेवण सुटते, आणि तेही नेमके दिवस भरत आलेले असताना. स्थलांतरित माता-बालकांची नोंद एका अंगणवाडीतून दुसरीकडे पाठवणारी संगणक प्रणाली राज्याने अलीकडच्या वर्षांत सुरू केली आहे. म्हणून भट्टीवर गरोदर बाई किंवा सहा वर्षांखालील मूल दिसले तर सर्वांत जवळच्या अंगणवाडी सेविकेला कळवावे. तिला कळले तर ती नाव घालते, असा आमचा अनुभव आहे.

आपल्या समूहासाठी

उपवासकाळात आपण जे धान्य आणि पैसे गोळा करतो ते बंद करावे असे आम्ही म्हणत नाही. ज्या घरात आज दाणा नाही तिथे पिशवी आजच गेली पाहिजे, आणि तिच्यात पिठाऐवजी तांदूळ, डाळ, तेल आणि मीठ असावे. पण आपली पिशवी आठ-दहा दिवसांत संपते. दुरुस्त झालेले कार्ड दर महिन्याला धान्य देते. शंभर पिशव्या भरायला जेवढे हात लागतात, तेवढ्यांनी एका हंगामात किती कार्डे मार्गी लागतील याचा विचार समूहाच्या बैठकीत जरूर व्हावा.

ज्यांच्या घराजवळ किंवा वाडीजवळ भट्टी आहे त्यांनी आपली नावे रविवारच्या मिस्सानंतर समाजसेवा गटाकडे द्यावीत. दिवाळीनंतर कुटुंबे आली की पहिल्या पंधरा दिवसांत भट्टीवर जाऊन प्रत्येक जोडीला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कार्ड आहे का, कोणाकोणाची नावे त्यावर आहेत, आणि ते आता कोणाच्या ताब्यात आहे. तिसरा प्रश्न मुद्दाम विचारावा, कारण कार्ड कर्जापोटी दुसऱ्याकडे ठेवलेले असल्याचे आमच्या पाहण्यात आले आहे. तरुणांपैकी ज्यांना मोबाईलवर कार्डाची माहिती पाहता येते त्यांनी बरोबर यावे. भट्टीमालकाशी वाद घालू नये. मजुराची खर्ची वाचते तेव्हा त्याचाही तोटा होत नाही, हे समजावून सांगितले तर काही जण स्वतः गाडी देतात.

दुकानात न्यायचा दिवस मात्र त्यांच्या बाजाराचा धरावा. इतर दिवशी जोडी चिखलातून उठत नाही, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुकानात साठा नसतो.